झोपलेला बाजार

आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाचे झाड आहे. त्याच्या बुंध्याशी, उत्तरेच्या बाजूस, गेली बावीस वर्षे एक सतरंजी, एक उतरते डेस्क आणि एक दौत यांचे ठाणे मांडलेले असते. त्या ठाण्याचा धनी तो मी. कचेरीत साहेब येतात आणि बदलून जातात, शिरस्तेदारांना पेन्शन होते, मी मात्र आहे तेथेच आहे. माझे शिक्षण मराठी सहा इयत्ता पुरे असून सातवीत गणिताने माझा घात केला, ही गोष्ट मी कोणापासून लपवलेली नाही. अर्ज लिहिण्याच्या कामी गणित लागत नाही, असे माझे अनुभवान्ती मत झालेले आहे.

या अंकाच्या संपादकांनी "आपल्या धंद्यातील गमती लिहून पाठवाव्या" असे मला कळविले. 'गमती' हा शब्द मला तितकासा रुचला नाही. ज्या मनुष्याच्या हातून गावेच्या गावे शहाणी होऊन गेली, त्याच्याकडे गमती मागणे हे बरे नव्हे. तथापि संपादकांचे वय लहान आहे, असे ऐकतो, म्हणून लिहितो.

बाहेरच्या माणसास वाटते की, अर्जदाराने सांगावे आणि पिटिशन रायटरने उतरवून घ्यावे, एवढाच हा धंदा. एकटा मनुष्य येतो तेव्हा तसे असतेही. त्याचा बैल चोरीस गेलेला असतो आणि त्याला तो परत हवा असतो. परंतु जेव्हा अख्खे गाव येते, तेव्हा आपल्याला काय हवे आहे हे गावालाच ठाऊक नसते. सतरंजीभोवती पंधरा माणसे बसतात आणि वीस मागण्या करतात. अर्जात मात्र 'सबब विनंती की' या शब्दांपुढे एकच वाक्य शोभते. त्या एका वाक्यापर्यंत गावाला हाताला धरून आणणे, हा माझा खरा धंदा. एका गावाने एकाच अर्जात ओढ्यावर फरशी, बिबट्याचा बंदोबस्त आणि मास्तरांची बदली अशी तिन्ही कामे मागितली होती. मी त्यांना निक्षून सांगितले, एक निवडा. दोन दिवस बसून त्यांनी मास्तरांची बदली निवडली. बिबट्या निदान रोज येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. एकाच तंट्यातील दोन्ही बाजूंचे अर्ज मी लिहितो, यावरून मला काही लोक नावे ठेवतात. गावात न्हावी एकच असतो म्हणून दोन वैऱ्यांच्या दाढ्या काही एकमेकांत मिसळत नाहीत. माझे कागदही बावीस वर्षांत मिसळले नाहीत. फक्त एकदा मिसळले, आणि आज जे लिहायचे ते त्याविषयीच आहे.

हिवरदरे हे राजूरच्या बाजूचे डोंगरातले गाव. गोष्ट दुसरी मोठी लढाई चालू असतानाची. या गावाला स्वतःचा बाजार नव्हता. मीठ, मिरची, लुगडे, खुरपे, काहीही हवे असले तरी गुरुवारी पाच कोस उतरून तालुक्याच्या बाजारास यावे आणि पाच कोस चढून परत जावे, असा तेथील क्रम होता. गावाने रीतसर अर्ज केल्यास आठवड्याच्या बाजाराची परवानगी मिळण्यासारखी आहे, असे कचेरीतून समजले. अडचण एवढीच की, बाजाराचा वार गावाने आपसांत ठरवून कळवायचा होता. हिवरदऱ्याने यापूर्वी आपसांत काही ठरवल्याचे कोणाच्या स्मरणात नसल्याने त्यांनी मला बोलावून नेले.

चावडीपुढच्या अंगणात बैठक भरली. मी प्रथम बैठकीला वळण लावले. प्रत्येकाने उभे राहावे, पटका सावरावा, एकदाच बोलावे आणि बसावे. त्याप्रमाणे सोमवारपासून आरंभ झाला.

सोमवार म्हणताच खाटीक उठला. "सोमवारी निम्मं गाव उपाशी. मी बोकड कापून महादेवाला वाहू का?"

मंगळवार देवीचा म्हणून गेला. गुरुवार तालुक्याचा, त्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला गेल्यावर दुकान कोण बघणार, असे मुलाण्याने विचारले.

"तुजं दुकान हाय कुटं?" मागून कोणीतरी बोलले.

"बाजार आला म्हंजी येईल की!" मुलाणी म्हणाला, आणि ते रास्तच होते.

बुधवारचे नाव कोणी काढलेच नाही. त्या वाराचा देव हिवरदऱ्यात देऊळ बांधून राहत नव्हता, आणि ज्या वाराला गावात देऊळ नाही त्याची बाजू घेणार कोण?

उरले दोन वार. वरच्या आळीत खंडोबाचे देऊळ, म्हणून रविवार हवा, असे वरच्या आळीचे पुढारी रंगनाथ पाटील यांचे म्हणणे. खालच्या आळीत मारुतीचे पटांगण, म्हणून शनिवार हवा, असे खालच्या आळीचे सखाहरी अण्णा यांचे. दोघे मावसभाऊ असल्यामुळे एकमेकांचे काही चालू द्यायचे नाही, ही रीत लहानपणापासून पाळीत आलेले.

पाटील म्हणाले, "शनवारी तेल न् लोखंड कोन घेतंय? बाजारात काय नुसती वांगी मांडायची?"

अण्णा म्हणाले, "पाटील, तुमच्या खंडोबाला भंडारा, आमच्या मारुतीला तेल. तेल निदान भाजीत तरी पडतं. भंडारा नुसता वाऱ्यावर."

यानंतर पटके सावरून बोलण्याचा नियम मोडला. बैठक पुन्हा जाग्यावर आली तेव्हा मी निर्णय सांगितला की, दोन्ही आळ्यांनी आपापला अर्ज करावा, आणि काय ते साहेब बघतील. गावाला एकमतावर आणणे जमत नाही तेथे त्याची दोन एकमते करून द्यावी, हा माझा त्या काळचा सिद्धान्त. मी दोन कागद काढले आणि दोन्ही अर्ज एकाच मसुद्यावरून लिहिले. 'सदरहू वार हा सर्व रयतेच्या सोयीचा, धर्मास अनुकूल व व्यापारउदिमास पोषक असून' हे वाक्य दोन्हीकडे तेच होते. वार आणि देव एवढेच काय ते वेगळे. हे वाक्य मी सातही वारांना लावू शकलो असतो.

मी लिहीत असता चावडीच्या पायरीवर एक बाई येऊन बसली होती. हुसेनबी तिचे नाव. तिचा नवरा मन्यार होता. तो वारल्यावर बांगड्यांचे ओझे डोक्यावर घेऊन ती आठवड्याचे पाच बाजार पायी करीत असे. दोन वर्षांपासून तिचा गुडघा धरला होता. गावाच्या कडेला ओढ्यालगत चिंचा आहेत, तेथे तिचे घर. गावात बाजार आला तर आपल्याच दारात बसून बांगड्या भरता येतील; न आला तर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून श्रीरामपूरला भावाच्या दारी जाऊन राहायचे. हे सारे तिने मला मी न विचारता सांगितले. मग म्हणाली, "रायटरभाऊ, ह्या दोगांस्नी येक इचारा. शनवारी घाटाखालचा बाजार आस्तो, ऐतवारी नदीकाठचा. मंग हितं माल घिऊन येनार कोन?"

मी लेखणी थांबवून तिला म्हणालो, "बाई, हा सार्वजनिक प्रश्न आहे. मध्ये बोलू नये."

"बरं. न्हाई बोलत," ती म्हणाली.

माझ्याजवळ खातेदारांची यादी होती. हुसेनबीच्या नावावर जमीन नव्हती. म्हणजे कागदाच्या दृष्टीने ती त्या पायरीवर बसलेलीच नव्हती.

आता अंगठे घेण्याची माझी शिस्त सांगतो. शाईची बोटे मजकुरावर पडू नयेत म्हणून मी अर्जाचा वरचा भाग दुमडून घेतो आणि खालचा कोरा भाग तेवढा उघडा ठेवतो. त्या दिवशी अर्ज वाचूनही दाखवले नव्हते, कारण एकाचा वाचला असता तर दुसऱ्याने काठी उचलली असती. वरची आळी माझ्या उजव्या हाताला बसली होती, खालची डाव्या. त्याप्रमाणे त्यांचे कागद उजवीकडे आणि डावीकडे मांडले होते. शाईची गादी भिजवायला मी खाली बघितले, आणि तेवढ्यात ऊन सरकून उजवीकडे आले. पाटील उन्हात बसत नसत. ते उठून डावीकडच्या सावलीत गेले, त्यांच्यामागे त्यांची सगळी आळी गेली. पाटलांबरोबर एका सावलीत बसणे अण्णांना कमीपणाचे वाटले, म्हणून ते आपली आळी घेऊन उजवीकडे उन्हात आले. माणसांनी बाजू बदलल्या. कागद होते तेथेच राहिले.

उजवीकडच्यांनी उजव्या कागदावर अंगठे उठवले, डावीकडच्यांनी डाव्या, आणि अंगठ्यापुढे नाव व आळी मी सांगतील तशी लिहीत गेलो. कागद मी जागेवरून ओळखले, माणसांवरून ओळखले नाहीत.

तीन आठवड्यांनी मामलेदारसाहेबांनी मला आत बोलावले. आत बोलावणे म्हणजे काय, हे कडुनिंबाखाली बसणाऱ्यालाच कळेल. साहेबांच्या पुढ्यात हिवरदऱ्याचे दोन्ही अर्ज होते.

"हे तुमच्या हातचे?"

"होय साहेब."

"वरची आळी म्हणते, खालच्या आळीत मारुतीपुढे शनिवारी बाजार भरवा. खालची आळी म्हणते, वरच्या आळीत खंडोबापुढे रविवारी भरवा. एका आळीने दुसरीच्या सोयीसाठी अर्ज केल्याचे माझ्या सबंध नोकरीत मी पाहिलेले नाही. हे गाव मला डोळ्यांनी बघायचे आहे. गुरुवारी येथे बाजाराची गर्दी असते. आपण बुधवारी जाऊ. तुम्ही बरोबर चला."

साहेब घोड्यावर आणि मी मागे पायी, असे आम्ही पाच कोस गेलो. त्या पाच कोसांत मी माझा परवाना परत करण्याचा मसुदा मनात जुळवला. भाषा फार उत्तम साधली होती. ती वाया गेली याचे अजूनही कधीकधी वाईट वाटते.

चावडीपुढे सगळे गाव जमले. साहेबांनी दोन्ही अर्ज खणखणीत आवाजात वाचले, आणि अशी माणसे प्रत्येक गावात असती तर कचेऱ्या बंद कराव्या लागल्या असत्या, असे चार शब्द बोलले. पाटलांनी प्रथम साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. ते माझ्या कानाशी लागले, "रायटर, ह्यो काय परकार हाय?"

"पाटील," मी हळूच म्हणालो, "साहेब खूश आहेत."

तिकडे अण्णा अर्धे उठले होते. "आमी आन् रविवार—"

"अण्णा," साहेब म्हणाले, "तुमच्या मनाचा मोठेपणा मी वर लिहून कळवणार आहे."

अण्णा खाली बसले. पाटलांच्या देखत मोठेपणा मिळाला होता. तो परत करणे आता शक्य नव्हते.

पाटील अण्णांपेक्षा मागे राहणारे नव्हते. त्यांनी उठून पटका सावरला. "आमचं काय हाय साहेब, खालच्यांची सोय ती आमची सोय. खालच्या आळीची वाट रुंद हाय, गाड्या वळत्यात. शनवारच द्या."

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले, "मान वरच्यांचा. तितं लिंबाची सावली हाय, म्हाताऱ्या-कोताऱ्यांस्नी बसाया जागा हाय. रविवारच द्या."

एवढ्या वर्षांत एकमेकांची बाजू कोणाला ठाऊक नाही, असे मी समजत होतो. दोघांनाही ती तोंडपाठ होती.

"शनवारच!"

"रविवारच म्हनतो ना!"

"आरं, तुला देतोय तर घे की मुकाट्यानं!"

"तू कोन रं मला देनार?"

दोन्ही आळ्या उठून उभ्या राहिल्या. औदार्यावरून डोकी फुटण्याची वेळ आली. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि पाय मोकळे करतो म्हणून ओढ्याकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

ओढ्याच्या चिंचांखाली दहा-बारा तट्टे बांधलेली होती. त्यांच्या पाठीवरून उतरवलेल्या गठड्या, गोण्या, तेलाचे डबे, भांड्यांच्या जाळ्या ओळीने ठेवलेल्या होत्या, आणि शेजारी माणसे तोंडावर पटके घेऊन भर दुपारी गाढ झोपलेली होती.

"हे कोण लोक?" साहेबांनी विचारले.

"त्ये व्हय?" पाटील म्हणाले. "त्ये बुधवारचे."

"बुधवारचे म्हणजे?"

"दर बुधवारी येत्यात, झोपत्यात, बेस्तरवारी पाटं उटून जात्यात."

"कोठे जातात?"

"तुमच्याच बाजाराला की साहेब, तालुक्याला. मंगळवारचा बाजार करून येत्यात, लांबचा पल्ला हाय, म्हनून हितं मुक्काम."

साहेबांनी एका निजलेल्याला उठवले. "बाबा रे, माल जवळ आहे, गाव समोर आहे. मग विकत का नाहीस?"

त्याने डोळे चोळले. "ज्या गावाला वार न्हाई तितं गठडी सोडीत न्हाई आमी. शिरस्ता हाय आमचा."

आपल्या घराच्या दारात हुसेनबी उभी होती. साहेबांनी तिला विचारले, "बाई, हे खरोखर दर बुधवारी येतात?" ती प्रथम माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "साहेब, बाजार तर हितंच झोपलाय. उटवला म्हंजी झालं."

हिवरदऱ्याचे लोक दर गुरुवारी तट्टांच्या पाठोपाठ पाच कोस उतरत. आदल्या दिवशी जे मीठ आपल्याच ओढ्याकाठी मुक्कामाला होते, तेच मीठ तेथे विकत घेत आणि पाच कोस चढून परत आणीत. हे त्यांनी किती वर्षे केले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. माझे गणित कच्चे आहे, आणि बाकीच्यांनाही त्या वेळी इच्छा नव्हती.

तिसरा अर्ज मी तेथेच, चिंचेखाली, मांडीवर डेस्क घेऊन लिहिला. वार बुधवार; जागा ओढ्याकाठची, कोणत्याच आळीची नव्हे. या वेळी तो दोनदा वाचून दाखवला. पहिला अंगठा कोणाचा, यावर पाटील आणि अण्णा पुन्हा एकमेकांना मान देऊ लागले, तेव्हा साहेबांनी गादी उचलून हुसेनबीपुढे धरली. तिचा अंगठा कागदावर उठला खरा, पण त्यात रेषा दिसेनात. आयुष्यभर काच हाताळून बोटांवर इतके कापले होते की, नुसती आडवीतिडवी ओरखड्यांची जाळी उमटली. पुढे कचेरीतल्या कारकुनाने तो अर्ज बाजूला काढला आणि 'हा ठसा नव्हे' असा शेरा मारला. मी त्याखाली लिहिले : 'ठसा माझ्यासमक्ष झाला. रेषा काचेने गेल्या आहेत. माणूस खरे आहे.' 'सदरहू' हा शब्द न वापरता मी कचेरीत दिलेला तो एकमेव मजकूर असावा. अर्ज मंजूर झाला.

परवानगीच्या कागदात दोन्ही आळ्यांच्या एकजुटीचा गौरव होता, पाटलांचे व अण्णांचे नाव होते. तिसरे नाव नव्हते. माझेही नव्हते, म्हणून मी माझी सोय दुसरीकडे लावून घेतली. कागद उलटे गेले ही चूक नसून ती माझी युक्ती होती, असे मी सांगू लागलो. प्रत्येकाने शत्रूच्या मागणीवर अंगठा करावा म्हणजे त्याला शत्रूची बाजू समजते, असा त्यावर मुलामा दिला. इतक्या ठिकाणी सांगितले की मलाच ते खरे वाटू लागले. दुसऱ्या गावांचे लोक येऊन "ती हिवरदऱ्याची युक्ती करा" म्हणू लागले. एका गावात ती साधली. दुसऱ्या गावात एकाला वाचता येत होते, आणि मला शेतातून पळावे लागले.

युक्ती मी तेव्हापासून सोडली. दुसरी एक सवय मात्र लागली आहे. गावाचा अर्ज लिहायला बसलो म्हणजे यादी पुरी झाल्यावर मी एकदा पायरीकडे बघतो आणि तेथे जो कोणी बसला असेल त्याला विचारतो, "तुमचे काय म्हणणे?" गावकऱ्यांना यात माझा कमीपणा दिसतो. एकाने तर विचारले, "रायटर, तुमास्नी आता आमचं ऐकू येत न्हाई व्हय?"

गेल्या वैशाखात एका बुधवारी मी मुद्दाम हिवरदऱ्यास गेलो. चिंचांखाली गर्दी मावत नव्हती. तेलाचे डबे उघडे होते, बोकड टांगलेले होते, मुलाण्याने खरोखरच दुकान काढले होते. हुसेनबी आपल्या दारात पाय लांब करून बसली होती, पुढे हिरव्या बांगड्यांच्या राशी आणि बायकांची रांग. श्रीरामपूरच्या भावाचे नाव तिने काढले नाही, मीही काढले नाही. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "हुसेनबी, काहीही म्हण, कागद उलटे दिले ती युक्ती मात्र माझी."

ती एका मुलीच्या हातात बांगडी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "युक्ती कसली, भाऊ? ऊन आलं, मान्सं उटली, कागद तितंच ऱ्हायलं. मी पायरीवर बसून बगत हुते की."

मग मी म्हणालो, "अग, मग त्याच वेळी सांगायचे नाही का?"

"सांगनार हुते," हुसेनबी म्हणाली. "पन तुमीच म्हनला हुता, बाई, हा सार्वजनिक प्रश्न हाय."

आणि त्या मुलीचा हात तिने अलगद दाबला. बांगडी न तडकता मनगटात गेली.